साठीची भेट

"मारधाडीचं काही नको. दादाला एकसष्टीला द्यायचंय," मी म्हणाले. लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभं राहून आम्ही भावंडं बघायचो, तसली जुनी मालिका मला हवी होती.

दुकानदाराने जुन्या डीव्हीडींच्या खोक्यातून एक संच काढला. "परवाच कुणीतरी विकून गेलं."

वर चिकटवलेल्या कागदावर माझंच अक्षर होतं: 'दादास, साठीनिमित्त सप्रेम भेट.' गेल्या वर्षी चार दुकानं पालथी घालून मिळवलेली मालिका! वरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने फाडलं नव्हतं. आणि मला फोनवर म्हणाला होता, "दोनदा बघितली गं, डोळ्यांत पाणी आलं!"



"हीच द्या," मी म्हणाले, "आणि पेन."

जुन्या ओळीखाली मी दाबून लिहिलं, 'दादा, आता तिसऱ्यांदा बघ.'