पदकाआधी एक प्रश्न

"म्हणजे सभागृहातले दिवे बंद?" बाईंच्या यजमानांनी विचारलं कुलसचिवांना, पण तोंड ठेवलं बाईंकडे.

बाईंनी त्यांचे ओठ वाचले.

कुलसचिव मान खाली घालून कागदावर खुणा करत बोलत होते. बाईंना त्यातलं एक अक्षर कळेना. यजमानांनी त्यांचं बोलणं पुन्हा आपल्या तोंडून काढलं. "असं होय! चित्रीकरण आहे म्हणून उजेड फक्त मंचावर. आणि प्रश्न विचारणारा मागे कुठेतरी, अंधारात."

कुलसचिव हसून निघून गेले. हे गृहस्थ प्रत्येक गोष्ट दोनदा का बोलतात, असं त्यांना वाटलं असणार.

मंचामागच्या त्या खोलीत विद्यापीठाचे तिघे मानकरी बसले होते. संशोधनासाठी रसायनशास्त्राचे सर, सेवेसाठी गावोगाव फिरून दात तपासणारे डॉक्टर आणि अध्यापनासाठी गणिताच्या बाई. पहिल्या दोघांनी नुसतं जाऊन पदक घ्यायचं होतं. अध्यापनाच्या पदकाची रीत मात्र जुनी आणि वेगळी. सभागृहातून कुणीही एक प्रश्न विचारायचा, शिक्षकाने तिथल्या तिथे तो समजावून द्यायचा, मगच पदक गळ्यात पडायचं.

आणि बाईंना दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. कमी नव्हे, येतच नव्हतं. कानात घालायचं यंत्र लावून पाहिलं, तर नुसता भांडी पडल्यासारखा कलकलाट. ही गोष्ट ठाऊक होती एकट्या यजमानांना. आपले ओठ बाईंना नीट दिसावेत म्हणून त्यांनी तीस वर्षांची मिशी उतरवली होती. म्हातारचळ लागला, असं शेजारी म्हणाले. त्यांनी तेही ऐकून घेतलं.

वर्गात बाईंनी वाट काढली होती. तोंडी शंका विचारायची नाही, उठून फळ्यावर मांडायची. मुलं आधी कुरकुरली, मागून 'फळाबाई' म्हणाली. मग त्यांना सवय लागली. शंका मांडता मांडता निम्म्यांना तिचं उत्तर आपोआप सापडू लागलं. निकाल सुधारले. इतर विभागांतले लोक वर्ग बघायला येऊ लागले.

"अहो, चक्कर आली म्हणून सांगा ना," बाई म्हणाल्या.

यजमानांनी तळहात हळूच खाली दाबला. आवाज मोठा झाला होता. रसायनशास्त्राचे सर वळून बघत होते.

"काय बाई, हात गार पडले?" ते हसत म्हणाले. समोरूनच बोलले, म्हणून कळलं. "पदक आहे हो, इंजेक्शन नाही!"

बाई हसल्या. मग यजमानांकडे झुकून, ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, "तिथे काय वाचून दाखवणार आहेत, माहीत आहे? बाईंची अभिनव पद्धत. पद्धत कसली? भीती होती ती."

"भीतीच होती," यजमान म्हणाले. "पण पोरांना गणित आलं ना?"

"आणि भाषेच्या सरांचं काय झालं?"

भाषेच्या सरांची नजर अधू झाली, तेव्हा विभागाने त्यांना मोठ्या प्रेमाने 'विश्रांती' दिली होती. आता ते उत्तरपत्रिकांच्या कोठीत बसून असत. पुन्हा त्यांच्या हाती वर्ग आला नाही. बाईंची नोकरीची तीन वर्षं उरली होती. पगार कोठीत बसूनही मिळाला असता. समोर मुलं नसती.

"चक्कर आली म्हणून सांगू?" यजमानांनी विचारलं. "तू म्हणशील तर आत्ता सांगतो. पण उद्या काय सांगायचं?"

बाईंनी दाराकडे बघितलं. दारात कुलसचिव उभे होते आणि हाताने बोलावत होते.

मंचावरच्या दिव्यांनी डोळे दिपले. पुढे नुसता काळोख. पहिली रांगसुद्धा दिसेना. कुलगुरूंनी बराच वेळ कागद वाचला. मग त्यांनी काळोखाकडे हात केला.

आता कुणीतरी विचारत असणार. बाई मंचावरचे चेहरे बघत राहिल्या. कुलसचिवांनी मान डोलावली. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मग रसायनशास्त्राचे सर हसले, कुलगुरूही हसले, म्हणून बाईही हसल्या. त्यांचं हसू सुरू झालं तेव्हा इतरांचं संपलं होतं.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

काहीतरी बोलून टाकावं. 'फार छान प्रश्न' म्हणावं आणि त्रिकोणाबद्दल चार वाक्यं सांगावीत, काय होईल? पण पलीकडे कुणीतरी आपली अडचण घेऊन उभं होतं. त्याला तिसरंच काहीतरी शिकवायचं? असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

कुलगुरूंच्या कपाळावर आठी पडली.

बाई ध्वनिक्षेपकाजवळ गेल्या. "मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. ज्याचा प्रश्न असेल त्याने इथे, उजेडात यावं. मी समजावून सांगते."

आवाज मोठा निघाला की नुसतीच हवा, त्यांना कळायला मार्ग नव्हता. डावीउजवीकडे बघायचा धीर झाला नाही. समोर काळोख होता तसाच होता.

मंच लाकडी होता. बाईंनी हळूच चपला काढल्या, तळपाय लाकडावर घट्ट टेकवले आणि पायऱ्या चढून कुणी येतंय का, याचा अंदाज घेत उभ्या राहिल्या.