माहेरचं नाव

केतकीच्या चहावर साय धरली होती. सकाळपासून ती लिनक्सच्या बॅकअप सेवेशी झुंजत होती. जात्यावरच्या ओव्या साठवलेल्या संगणकाची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, आणि बॅकअपचा सर्व्हर एकच पालुपद आळवत होता: या नावाला परवानगी नाही.

“नाव तर बरोबर आहे हो, काकू,” ती थकून म्हणाली.

त्यातल्या कितीतरी ओव्या गायलेल्या सुमनकाकू शेजारी बसल्या होत्या. “लग्नात माझं नाव बदललं. माहेरून जुन्या नावानं पत्र आलं, की पोस्टमन परत न्यायचा.”

केतकी सावरून बसली. संगणक या खोलीत आणताना तिनेच त्याचं नेटवर्कवरचं नाव बदललं होतं. सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत जुनंच राहिलं होतं. तिने ते सुधारलं. एकेक ओवी सर्व्हरवर सरकू लागली.

“माझ्या ओव्या कुठल्या नावानं ठेवल्यास गं?”

“सुमन.”

“माहेरचं, कृष्णा लिही. गायची ती. सुमन नुसती दळायची.”