सोमवारची मळमळ

शिंपीकाका सलग चौथ्या सोमवारी पोट धरून दवाखान्यात आले. तीच मळमळ, उजव्या बरगडीखाली तीच कळ. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते, पण डॉक्टरबाईंना कोडं वेगळंच पडलं होतं.

“काका, दुखणं नेमकं सोमवारीच कसं उपटतं? रविवारी खाता तरी काय?”

काकांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, “लेक दर रविवारी येते म्हणते. तिच्या आवडीचं तळण मी स्वतः करतो. तीन वाजेपर्यंत वाट बघतो, मग तिचा फोन येतो, ‘बाबा, आज नाही हो जमत.’ तिच्यासाठी केलेलं टाकवत नाही. तिच्या वाटचंही मीच खातो.”

डॉक्टरबाईंनी केसपेपरवर लिहायला घेतलं. “तळलेलं आजपासून बंद. आणि पित्ताशय काढावं लागेल. ऑपरेशन मोठं नाही, पण दोन दिवस घरचं माणूस जवळ हवं.”

“दोन दिवस?” काकांचा चेहरा उजळला. “अख्खे?”

“हो.”

काकांनी खुर्ची पुढे ओढली. “मग डॉक्टर, तेवढं कागदावर लिहून द्या. सक्तीचं आहे म्हणून लिहा.”