कानपिळीचं घड्याळ

"गाडी तुमचे यजमानच चालवत होते ना?" भावाच्या वकिलाने मला विचारलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात माझ्या धाकट्या भावाने मान खाली घातली. अपघातानंतर माझे पाय धरून तो रडला होता, "ताई, गाडी चालवताना मला डुलकी लागली गं." आईने पदर पसरला, म्हणून पोलिसांना मी सांगितलं, कोण चालवत होतं ठाऊक नाही. माझ्या त्याच जबाबाचा फायदा घेऊन आज त्याने सगळा दोष मेलेल्या माणसाच्या माथी मारला.

आमच्या लग्नात कानपिळीला याच भावाने यांचा कान लाल होईतो पिळला होता. "दाजी, ताईला जपा!" वर मानाची भेट म्हणून यांच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं. आजही तेच त्याच्या हातात होतं.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, पोलिसांना मी खोटं सांगितलं. त्या दिवशी निघताना यांचा फोन आला होता. म्हणाले, 'तुझा भाऊ गाडी मागतोय चालवायला. देतो. कान पिळलाय माझा, त्याला नाही कसं म्हणू?'"