बाविसाव्या सेकंदाला विझलेला दिवा

पाय मोडल्यापासून विश्वंभररावांची मोटारसायकल पाच महिने गोठ्यात उभी होती. प्लास्टर निघालं तसं त्यांनी ती चालू केली, तर ऑइलचा लाल दिवा विझेचना. घाबरून त्यांनी गाडी बंद केली आणि कळमनुरीच्या जहांगीर मिस्त्रीला फोन लावला.

"उभ्या गाडीचं तेल खाली उतरतं, चढायला टाइम लागतो," जहांगीर म्हणाला. "चालू करा अन् दिवा विझेस्तोवर सेकंद मोजा. पाच-सहात विझला तर फिकीर न्हाई."

विश्वंभररावांनी मोजलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, "बावीस!"

"बावीस? हात लावू नका! पंप गेला असंल, इंजिन खोलावं लागंल."

रात्रभर विश्वंभररावांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जहांगीर सगळी हत्यारं घेऊन आला, अंगणात पोतं अंथरलं आणि म्हणाला, "खोलायच्या आधी एकदा माझ्यापुढं मोजा."

गाडी चालू झाली. विश्वंभररावांनी डोळे दिव्यावर रोवले आणि एका दमात सुटले, "एकदोनतीनचारपाचसहासातआठ..." बाविसाला दिवा विझला. जहांगीरनं मोबाइलवर पाहिलं. पाच सेकंद झाले होते.

"राव, असं मोजतेत व्हय?"

"मग काय करू, जहांगीरभाई?" घाम पुसत विश्वंभरराव म्हणाले. "तो लवकर विझावा म्हणून मीच घाई करून राहिलो होतो ना!"