वाळूच्या रंगाची बंदूक

तिसऱ्या शुक्रवारी राजाभाऊंनी बंदूक पुन्हा जुन्या वर्तमानपत्रावर आडवी ठेवली, घोड्याला आणि नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि आज कुठली वाळू हवी ते विचारलं.

"उन्हं कलतानाची," सोफ्यावरून अबू सईद म्हणाले.

राजाभाऊ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ज्या गॅरेजात गाड्या रंगवत, त्याचे हे मालक. सत्तरी ओलांडली तरी हौस विशीतली. थंडीत परदेशात सशांच्या शिकारीला जायचे, आणि बंदूक वाळूत विरून गेली पाहिजे असा हट्ट धरायचे. परवान्याची बंदूक नजरेआड करायची नाही, म्हणून दर शुक्रवारी स्वतः राजाभाऊंच्या अल मनखूलमधल्या दोन खोल्यांत येऊन बसत.

ते डोळे मिटून सांगत. वर साईसारखी फिकट, उतारावर जरा दालचिनी. झुडपाखालची सावली काळी नसते, जांभळट असते. एसीची घरघर, पडद्यातून येणारं पिवळं ऊन, म्हाताऱ्याचा संथ आवाज. राजाभाऊंचा ब्रश आपोआप चालत राही. दिवाणखान्यात वाळवंट येऊन टेकल्यासारखं वाटे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडे.

पण दाराजवळच्या स्टुलावर फिरदोस बसलेला असे. तो मालकांचा ड्रायव्हर. शिकारीत पुढे चालून झुडपं हलवायची, ससे उठवायचे, हेही काम त्याचंच. गेल्या थंडीत चार छर्रे त्याच्या खांद्यात शिरले होते. बंदूक कधी वळली ते त्याला दिसलंच नव्हतं. आणि आता ती आणखी दिसेनाशी करायची होती.

पहिल्याच शुक्रवारी जिन्यात तो हळूच म्हणाला होता, "राजाभाई, इस साल भी आगे मैं ही चलूँगा."

राजाभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. नाही जमत म्हणून सरळ सांगून टाका, असं त्यांची बायको साधना म्हणाली.

"मग दुसऱ्याकडून करून घेतील," राजाभाऊ म्हणाले. "तो काय रंग देईल, कोण जाणे."

आज शेवटचा हात होता. सकाळीच ते देऱ्याच्या बाजारात जाऊन नवा डबा घेऊन आले होते. चहा ठेवताना साधना थबकली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि साखर ढवळत राहिली. अबू सईदांनी बशी चाचपून कप उचलला.

रंग वाळल्यावर राजाभाऊंनी बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी दस्त्यापासून नळीपर्यंत तळवा फिरवला, खिडकीशी गेले आणि ती उन्हात धरून बराच वेळ उभे राहिले.

"खलास," ते समाधानाने म्हणाले. "वाळूत ठेवली तर मलाच सापडायची नाही."

राजाभाऊंना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं.

फिरदोस पुढे आला. एका हाताने त्याने मालकांचा कोपर धरला, आधी टीपॉय, मग चपला, मग उंबरठा, असं नेहमीसारखं सांगत त्यांना दाराकडे वळवलं, आणि दुसऱ्या हाताने, अगदी जपून, गावच्या मारुतीसारखी शेंदरी बंदूक पिशवीत सरकवली.