गिअरबॉक्समधलं पाणी

थोरल्या भावाला नरडाण्याहून सुरतच्या गाडीत बसवून आलो, असं अभिमनने घरी सांगितलं आणि त्याच आठवड्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन काढून जुन्या जीपवर चढवलं. कापूस वाळला, पण विहीर त्याने पुन्हा उपसू दिली नाही. जीपला तर तो कुणाला हातही लावू देत नसे.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलायलाही तोच खाली शिरला. भावाची बायको वच्छलाबाई हिने घमेलं सरकवलं. नट निघाला आणि काळ्या ऑइलऐवजी गार पाणी आलं. घमेलं भरलं, बादली भरली, धार काही थांबेना.

वच्छलाबाईने ओंजळ नाकाशी धरली; विहिरीचाच वास. "भाऊ, हाई ते आपली हिरनं पानी शे."

"कायबी बोलू नका, वयनी!" अभिमन नट दाबत ओरडला. नट बसेना.

तेवढ्यात शेजारचा शालिग्राम शेतातून धापा टाकत आला. "अभिमन, तुनी हीर आटी गई! खाले तळले कोन्ही बठेल शे."

धार आपोआप थांबली.

तळाशी कोण बसलंय ते बघायला वच्छलाबाई विहिरीकडे धावली नाही. ती जीपखाली वाकली आणि तिने नवऱ्याचं विचारलं.

"भाऊ, गाडीमा नही, ते यास्ले तुम्ही कोठे बसाडी उनात?"